मिटल्या डोळ्यांचं मिनिट

मित्रांनो, मी आयुष्यात कधीही खोटं बोललेलो नाही. यात माझा काही मोठेपणा नाही. मला बोलताच येत नाही. मला फक्त पेटता येतं, आणि तेही पिवळं.

मी मोटारीतला एक दिवा आहे. ड्रायव्हरच्या समोर ज्या काचेमागे वेगाचा काटा फिरतो, त्या काचेच्या एका कोपऱ्यात माझं घर. चाकातली हवा कमी झाली की पेटायचं, हे माझं काम. रूपानं मी बेताचा. बुडाला खाचा पडलेली एक कढई आणि तिच्यात उभं एक उद्गारचिन्ह, एवढंच. मंगलबाईंनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "अहो, कढईत काय तर करपतंय बघा."

माझा जन्म कारखान्यातला. निळा ॲप्रन घातलेल्या एका मुलीनं मला एकदा पेटवून पाहिलं, मान हलवली आणि ती पुढच्या दिव्याकडे गेली. तेवढ्यावर माझं शिक्षण संपलं. धडे दोनच होते. चाकात हवा कमी असेल तर पेटायचं आणि पेटूनच राहायचं. आणि एखादं चाक मुळी उत्तरच देत नसेल, तर गाडी सुरू झाल्यावर आधी मिनिटभर लुकलुकायचं आणि मग पेटून राहायचं. तुम्ही म्हणाल, चाक उत्तर कसं देणार? आमच्या गाडीच्या प्रत्येक चाकाच्या पोटात एक बारकं यंत्र आहे. 'हवा ठीक, हवा ठीक,' असं ते मला दुरून कळवत असतं. कंटाळवाणी भाषा, पण इमानी. खालच्या चार चाकांत चार यंत्रं, आणि डिकीत गालिच्याखाली झोपलेल्या स्टेपनीत पाचवं.

पिरनवाडीच्या नागेंद्र आप्पांनी गाडी विकत घेतली, तिच्याबरोबर मी त्यांना फुकट मिळालो. आप्पा बेळगावात एका पतसोसायटीत हिशेबाच्या नोकरीला होते, आणि सुट्टीच्या दिवशी कणकुंबीच्या रस्त्याला असलेल्या आपल्या शेतावर. घरात मंगलबाई, थोरली लेक सौम्या आणि तिच्या पाठचा आदर्श. गाडी आली त्या दिवशी चारी चाकांखाली लिंबं चिरडली. डॅशबोर्डवर जोतिबाची छोटी मूर्ती बसली, तिच्यावर गुलाल पडला, त्यातला थोडा माझ्या काचेवरही आला.

त्याच दिवशी आप्पांनी एक नियम घातला. इंजिन सुरू करायचं, आणि जागच्या जागी, गाडीतल्या सगळ्यांनी डोळे मिटून हात जोडायचे. चांगलं मिनिटभर. तेवढ्यात इंजिनही गरम होतं आणि देवही बघतो, असं त्यांचं म्हणणं होतं. मग "जोतिबाच्या नावानं चांगभलं" म्हणायचं, डोळे उघडायचे आणि गिअर टाकायचा. मला हा नियम आवडला होता. आपल्यासमोर इतकी माणसं हात जोडून बसलेली पाहिली की कुणालाही बरंच वाटतं.

माझा एक सुवर्णकाळही होता. संकेश्वरच्या पुढं एका चाकात खिळा घुसला आणि मी पेटलो. आप्पांनी गाडी बाजूला घेतली, खिळा काढून पंक्चर काढलं आणि पुढची तीन लग्नं ते माझ्याविषयीच बोलत होते. पहिल्या लग्नात खिळा बोटाएवढा होता. तिसऱ्यात त्याची पहार झाली होती. "माझ्या गाडीला सगळं कळतंय," आप्पा सांगायचे. मला वाटायचं, या माणसाचा माझ्यावर विश्वास आहे. मित्रांनो, तो विश्वास खिळ्यावर होता. खिळा डोळ्यांना दिसला होता.

सौम्या रसायनशास्त्र शिकली. गाडीही शिकली आणि पहिल्याच परीक्षेत लायसन मिळवून आली. त्या दिवशी आप्पांनी माझ्यासमोर, याच सीटवर बसून तिला सांगितलं, "नोकरी लागू दे, गाडी तुझी. जा रोज घेऊन." मे महिन्यात तिला निपाणीच्या एका कॉलेजात शिकवायची नोकरी लागली. जूनमध्ये हजर व्हायचं होतं. ती रोज संध्याकाळी येऊन गाडी पुसायची, आणि माझी काच ओढणीच्या टोकानं.

त्याच महिन्यात एका शनिवारी आप्पा आणि मंगलबाई शेतावर गेले. वळवाचा वारा सुटला होता, गवताच्या गंजीवरची ताडपत्री उडत होती. वर ठेवायला आप्पांना काहीतरी जड हवं होतं. त्यांनी डिकी उघडली.

"अहो, चाक कशाला काढताय?" मंगलबाईंनी विचारलं.

"नुसतं झोपून असतंय की डिकीत. जरा कामाला येऊ दे."

स्टेपनी गंजीवर गेली आणि तिच्या जागी दोन फणस बसले. आम्ही निघालो. पहिल्या वळणापर्यंत मला मागून 'हवा ठीक, हवा ठीक' ऐकू येत होतं. पुढच्या वळणानंतर ऐकू आलं नाही.

एक हाक चुकली म्हणून लगेच बोंब मारायची नाही, असं आम्हाला शिकवलेलं असतं. त्यामुळे मी पेटलो तो दुसऱ्या दिवशी. आणि नेमकी त्या दिवशी सौम्या आयुष्यात पहिल्यांदा एकटी गाडी घेऊन शहापूरला मावशीकडे गेली होती.

घरी येऊन तिनं स्वतःच सांगितलं, "आप्पा, पिवळा दिवा लागलाय."

"कुठं आपटलीस?"

"कुठंच न्हाय."

"मग काय वाऱ्यानं लागला?"

खरं म्हणजे वाऱ्यानंच लागला होता. पण ते सांगायला मला तोंड नव्हतं.

आप्पांनी तिच्याकडून चावी काढून घेतली आणि गाडी कोपऱ्यावरच्या मायाप्पाकडे नेली. मायाप्पा हवा भरतो आणि पंक्चर काढतो. त्यानं चारी चाकं तपासली.

"हवा बराबर हाय की ओ."

"मग दिवा का लागलाय?"

"दिव्याचं मला काय ठाऊक? मी हवेचा माणूस."

"थोडी जास्त मार."

जास्त मारली. मी पेटलेलाच. आणखी मारली. पुढचे आठ दिवस गाडी पिरनवाडीच्या रस्त्यांवरून चेंडूसारखी उडत होती आणि डॅशबोर्डवरचा जोतिबा हलत होता. मग आदर्शनं मोबाइलवर काहीतरी बघून बॅटरीची वायर काढली. रात्रभर मला काहीच आठवत नव्हतं. सकाळी वायर लावली तेव्हा घड्याळ बारावर आलं होतं, रेडिओ गाणी विसरला होता आणि मी फिरून पेटलो. मंगलबाईंनी बॉनेटवरून मीठमिरच्या उतरून टाकल्या. त्यांचा तरी हेतू चांगला होता.

या सगळ्या दिवसांत मी रोज सकाळी आधी लुकलुकत होतो. मिनिटभर. 'हवा कमी नाही, एक चाक हरवलं आहे,' हे सांगायची माझ्याकडे एवढीच भाषा. पण तेच मिनिट या घरानं देवाला दिलेलं. चांगभलं म्हणून डोळे उघडेपर्यंत माझं लुकलुकणं संपलेलं असायचं. त्यांना दिसायचा तो नुसता पेटलेला दिवा, आणि नुसता पेटलेला दिवा म्हणजे हवा कमी. मग पुन्हा मायाप्पा.

हळूहळू घरात एक वाक्य पक्कं झालं. सौम्यानं गाडी बिघडवली. शेजारी विचारायचे तेव्हा आप्पा सांगायचे, "पोरीनं एकदाच नेली, तर दिवा लावून आणला." आदर्श रोज संध्याकाळी हीच गाडी घेऊन मित्रांकडे जायचा. त्याला कुणी काही म्हणत नसे. तो बिघडलेली गाडी चालवत होता, बिघडवत नव्हता. जून उजाडला आणि सौम्या बसनं निपाणीला जाऊ लागली.

"दिवा जाऊ दे, मग ने," आप्पा म्हणाले. "बिघडलेली गाडी पोरीच्या हातात कशी देऊ?"

माझ्यामुळे तिची चावी गेली होती, मित्रांनो. मी खरं सांगत होतो, आणि तिचा गुन्हा म्हणून मलाच दाखवलं जात होतं.

आता जे सांगतो ते फक्त मी पाहिलं आहे. एका सकाळी आप्पा एकटे होते. इंजिन सुरू केलं, हात जोडले, डोळे मिटले, आणि खिशातला फोन वाजला. त्यांनी डोळे उघडले. समोर मी लुकलुकत होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मान वळवून मागं, डिकीच्या बाजूला पाहिलं. पुन्हा माझ्याकडे. सोसायटीत त्यांनी उगाच नोकरी केलेली नव्हती. त्यांना कळलं. मी अगदी समोर असतो, मला चेहरा दिसतो. मी वाट बघू लागलो. आता ते खाली उतरतील, घरात जातील, पोरीला हाक मारतील.

आप्पांनी फोन बंद केला आणि पुन्हा डोळे मिटले. त्या दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ प्रार्थना केली. डोळे उघडले तेव्हा मी लुकलुकत नव्हतो.

त्याच आठवड्यात बाजारातून येताना मंगलबाई म्हणाल्या, "अहो, ती स्टेपनी अजून गंजीवरच हाय. तिचा काय संबंध नसंल न्हवं?"

"ते चाक फिरतंय व्हय?" आप्पा म्हणाले. "न फिरणाऱ्या चाकाचा कसला आलाय संबंध? आणि पोरीसमोर कायबी बोलू नको. उगाच डोक्यावर बसंल."

खोटं कसं बोलतात ते मला त्या दिवशी समजलं. त्यात पेटावं लागत नाही. नुसतं विझून बसायचं.

एका रविवारी चौघंही गाडीत होते. बेळगावला एका पाहुण्यांकडे जायचं होतं. सौम्या आप्पांच्या शेजारी बसली होती. इंजिन सुरू झालं, हात जोडले गेले, डोळे मिटले गेले. सौम्यानं मिटले नाहीत. देवावर तिचा राग नव्हता, पण आप्पांनी सांगितलेलं काहीही त्या दिवशी तिला करायचं नव्हतं.

"आप्पा, हे लुकलुकतंय."

"डोळे मीट."

"आप्पा, लुकलुकतंय म्हणते."

"चांगभलं," आप्पा घाईनं म्हणाले आणि त्यांनी गिअरला हात घातला. सौम्यानं चावी फिरवून इंजिनच बंद केलं. पुन्हा सुरू केलं. मी पुन्हा लुकलुकलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्यासमोर कुणाचे तरी डोळे उघडे होते. मी जीव तोडून लुकलुकलो. तिनं समोरच्या कप्प्यातलं, अजून प्लॅस्टिकमध्येच असलेलं गाडीचं पुस्तक काढलं आणि पानं उलटली.

"हवा कमी असली तर लुकलुकत न्हाय," ती म्हणाली. "एखादं चाक सापडत नसलं तर लुकलुकतंय."

"चारी चाकं हाईत की खाली, आक्का," आदर्श मागून म्हणाला. "न्हाईतर आपण कशावर बसलोय?"

मग मागच्या सीटवरून मंगलबाईंचा आवाज आला, शांत.

"पाचवं शेतात हाय. गंजीवर. तुझ्या आप्पांनी ठेवलंय, तू गाडी नेलीस त्याच्या आदल्या दिवशी."

सौम्यानं आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी जोतिबाकडे पाहिलं.

"अरे व्हय की," आप्पा म्हणाले. "इसरलोच बघ."

पाहुण्यांकडे जायचं राहिलं. गाडी शेतावर गेली. सौम्या स्वतः गंजीवर चढली आणि तिनं चाक खाली ढकललं. चिखलातून ते लोळवत आणताना तिनं कुणाला हात लावू दिला नाही. डिकीचं झाकण लागलं. थोडं अंतर गेल्यावर मागून ओळखीचा आवाज आला, 'हवा ठीक'. आणि मी विझलो. माझ्या धंद्यात यापेक्षा मोठा सत्कार नसतो. सौम्यानं चिखलाच्या बोटांनी माझ्या काचेवरून एकदा हात फिरवला. गाडी चालवणारे आप्पा नुसते रस्त्याकडे बघत होते. त्यांनी माफी मागितली नाही, पण घर येईपर्यंत ते गप्प होते. मला वाटलं, हे तेच असेल.

सोमवारी सकाळी ती डबा आणि पर्स घेऊन गाडीपाशी आली. आप्पा बाहेर उभे होते, चावी हातात.

"दिवा गेला न्हवं?" ती म्हणाली.

"गेला की. गाडी आता लई झकास चाललीया." आप्पांनी चावी या हातातून त्या हातात घेतली. "म्हणूनच म्हणतो, उगाच कशाला? हायवे हाय. चार महिने बसनं जा, मग बघू."

"आधी बिघडलीय म्हणून दिली न्हाय."

"मग, बिघडलेली कशी द्यायची?"

"आणि आता?"

"आता चांगली हाय की गं," आप्पा म्हणाले. त्यांना खरंच वाटत होतं की यात न समजण्यासारखं काही नाही.

सौम्या पर्स खांद्यावर घेऊन स्टॉपकडे चालू लागली. मित्रांनो, त्या क्षणी मला पेटायचं होतं. कारखान्यात दिलेली सगळी ताकद लावून पेटायचं होतं. पण पाचही चाकांत हवा बरोबर होती, आणि दुसऱ्या कशासाठी पेटायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही.

तेव्हा माझी तुमच्याकडे एकच मागणी आहे. तुमच्या घरच्या गाडीत माझा एखादा भाऊबंद पेटलेला दिसला, तर गाडी शेवटची कुणी नेली होती हे आधी विचारू नका. खाली उतरा, चाकं मोजा, डिकीतलंही मोजा. आणि गाडी सुरू झाल्यावर त्याच्याकडे मिनिटभर बघा. देवाला हात जरूर जोडा, फक्त डोळे उघडे ठेवून जोडा. देव रागावत नाही. मी त्याच्या शेजारीच राहतो, मला माहीत आहे.

गाडी सध्या आदर्शकडे असते. त्याला अजून लायसन मिळालेलं नाही.