काळ्या मातीचं पाप

थाळीतली माती उकळत होती आणि खाली चूल नव्हती.

एवढ्या एका गोष्टीवर नर्सऱ्यांची अख्खी गल्ली आमच्या आत्याच्या अंगणात लोटली होती. खुर्च्या मिळालेले खुर्च्यांवर, बाकीचे उपड्या कुंड्यांवर, उरलेले एकमेकांच्या खांद्यांवरून माना काढून उभे. निर्मळ महाराजांनी मूठभर काळ्या मातीवर शिष्याने धरलेल्या चंबूतलं पाणी ओतलं होतं. माती फसफसली, फेस थाळीच्या काठाशी आला, थोडी वाफही निघाली.

"बघा," महाराज म्हणाले. बघितल्याबद्दल आपणच त्यांचे आभार मानावेत असा आवाज. "हा फेस नाही, हे पाप आहे. तीन पिढ्या या जमिनीवर जे जे वाईट घडलं, ते मातीने पोटात घेतलं. म्हणून ती काळी पडली. चांगली माती काळी कशी असेल? तुम्हीच सांगा."

फेस बसला तेव्हा माती फिकट झाली होती, विटक्या कापडासारखी. गल्लीने एकसाथ सुस्कारा सोडला. पलीकडच्या नर्सरीच्या चष्मेवाल्या काकांनी चष्मा काढून पुसला आणि परत घालून पाहिलं. माती फिकटच होती.

मी पाण्याच्या टाकीला टेकून उभी होते. मी माती परीक्षण प्रयोगशाळेत अकरा वर्षं नोकरी करते. तो फेस ओळखीचा वाटत होता, पण खात्री झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही ही माझी सवय. तिच्यामुळे मी अनेकदा उशिरा बोलते.

या गल्लीला महाराज का पटले, हे समजून घ्यायचं तर इथली रीत माहीत हवी. इथे माती पिठासारखी असावी लागते. ढेकूळ दिसलं की मोगरीने फोडायचं, चाळायचं, उरेल ते पुन्हा फोडायचं. चिमटीत धरून फुंकर मारल्यावर उडेल ती खरी माती, अशी प्रत्येक नर्सरीची शेखी. तीन वर्षांपूर्वी आत्याने विजेवर चालणारी चाळण आणली आणि गल्लीत तिचा भाव वधारला. त्यानंतर तिची रोपं पिवळी पडू लागली. पाणी घातलं की वाफ्यावर साय धरल्यासारखा थर बसायचा आणि बोटभर खाली माती कोरडी ठणठणीत. मी नमुना तपासला. सेंद्रिय कर्ब, म्हणजे मातीला काळी आणि कसदार ठेवणारा कार्बन, निम्म्यावर आला होता. 'कुटणं आणि चाळणं थांबवावं' असं लिहून मी अहवाल आत्याच्या हातात दिला. तो तिने जपून ठेवला, तेलाच्या बरणीखाली.

भिंतीमागे मात्र एक पट्टा होता. आतोबांनी तीस वर्षं राखलेला, नुसतं गवत. तिथे कुदळ लावायची नाही असा त्यांचा दंडक. "तिला तिच्या तंद्रीत राहू दे," म्हणायचे. प्रत्येक नव्या कुंडीत तिथल्या कडेची एक मूठ माती जायची, बास. आतोबा गेले, चाळण आली, आणि मूठ बंद झाली. त्या मातीची ढेकळं जाळीत अडकायची ना.

महाराजांनी नेमकं त्या पट्ट्याकडे बोट दाखवलं.

"रोपं का मरतात? त्या काळ्या पट्ट्यातलं पाप भिंतीखालून झिरपतं. वरची हातभर माती काढा, खाली पिवळी, निर्मळ माती लागेल. काढलेलं पाप वाहून न्यायला उद्या सकाळी आमचा ट्रक येईल. दुसऱ्याचं पाप उचलायला कोण येतं हो आजकाल?"

चष्मेवाल्या काकांनी मान डोलावली. त्यांचं पाप गेल्या आठवड्यातच दोन खेपांत गेलं होतं.

गर्दी पांगल्यावर मी आत्याला म्हटलं, "आत्या, तो पट्टा देऊ नकोस."

"का?"

"तुझ्या नर्सरीत जिवंत तेवढीच माती उरली आहे."

"जिवंत? डोळ्यांनी बघितलंस ना, कशी खदखदली ती?" आत्या थाळी घासत होती. "सातशे रोपं गेली माझी यंदा. तू एक कागद दिलास. त्यांनी करून दाखवलं."

ते खरं होतं. मी कागदच दिला होता.

उत्तर शेजारून आलं. आत्याच्या भिंतीला लागून पार्लर आहे. पार्लरवाली दारातच उभी होती, हातात कंगवा.

"ताई, एक विचारू? महाराजांचा तो चंबू धरणारा शिष्य, त्याची बोटं बघितलीत?"

"पांढरी होती. टोकांना."

"तुमच्या आत्या म्हणाल्या, साधनेने होतात." ती हसली. "मग मी पण साधना केलीय. नवीन होते तेव्हा हातमोजे न घालता केसांना ब्लीच लावायचे. महिनाभर माझी बोटं अश्शीच."

माझ्या डोक्यात जे अर्धवट तरंगत होतं ते तळाला बसलं. हायड्रोजन पेरॉक्साइड. आमच्याकडे मातीत चिकणमाती किती हे मोजायच्या आधी तिच्यातले सेंद्रिय पदार्थ घालवावे लागतात, तेव्हा आम्ही हेच ओततो. फेस येतो, भांडं तापतं, काळी माती फिकी होते. आठवड्यातून चार वेळा मी हे करते आणि आजवर एकही माणूस माझ्या पाया पडलेला नाही.

"तुझ्याकडे बाटली आहे?"

"डझनभर आहेत. पाप किती आहे ते सांगा."

सकाळी ट्रक आला. मागे महाराजांची गाडी, आणि मागे गल्ली. चालक खाली उतरून टायरला लाथ मारून बघत होता. दोन माणसं फावडी घेऊन भिंतीमागे निघाली, तेव्हा आत्याने त्यांना थांबवलं. पट्टा वाचवायला नव्हे, महाराजांना चहा द्यायला. मला तेवढा वेळ पुरला.

मी अंगणातल्या टेबलावर दोन बश्या ठेवल्या. एकीत पट्ट्यातली माती. पार्लरवाली पुढे आली, डोळे मिटले आणि तिच्या दुकानाच्या पाटीवरचा मजकूर गंभीर आवाजात म्हणू लागली, "केस कापणे, भुवया कोरणे, केस रंगवणे, नववधूसाठी आगाऊ नोंदणी आवश्यक." आणि बाटली ओतली.

माती फसफसली. महाराजांच्याइतकी नाही, त्यांचं पाणी जास्त कडक होतं. पण फेस तोच. मागे कुणीतरी खुदकन हसलं.

महाराज हलले नाहीत. असे लोक हलत नाहीत, तेच त्यांचं शिक्षण. "पाप असेल तिथे फेस येणारच, मुली. पाणी कुणाच्या का हातचं असेना."

"म्हणजे फेस आला की पाप आहे?" मी विचारलं.

"निःसंशय."

मी स्वयंपाकघरातून आणलेला बटाटा चिरला आणि फोड दुसऱ्या बशीत ठेवली. पार्लरवालीने बाटली कलंडवली. फोडीवर फेसाची टोपी चढली.

"बटाट्याने काय केलंय?" आत्या म्हणाली.

तिने ते मुद्दाम म्हटलं नव्हतं, खरोखर विचारलं होतं. म्हणून गल्ली जास्त हसली.

"काही नाही केलं," मी म्हटलं. "तो जिवंत आहे. जिवंत पेशींमध्ये एक द्रव्य असतं, त्याने हे पाणी फुटतं आणि प्राणवायूचा फेस होतो. मातीत जीव जितका जास्त, तितका फेस जास्त. आणि हे पाणी त्या जिवाला आणि मातीच्या काळेपणाला जाळतं, म्हणून ती फिकी पडते. महाराज तुमची उत्तम माती तुमच्यासमोर मारून दाखवत होते."

"विज्ञानाला आत्मा दिसत नाही," महाराज म्हणाले आणि कप खाली ठेवला. "चला, माती भरा."

फावडीवाले आत्याकडे बघू लागले. आत्या ट्रककडे बघत होती.

"भाऊ," तिने चालकाला विचारलं, "हे पाप तुम्ही कुठे नेऊन टाकता?"

चालक सरळ माणूस होता. त्याला कुणी पढवलं नव्हतं, बहुधा कुणाला तशी गरजच वाटली नव्हती. "टाकायचं कशाला, मावशी? तिकडे नवे बंगले झालेत ना, त्यांच्या बागांना जातं. गवताखालची काळी माती आहे, लोक वाट बघत असतात. मागच्या आठवड्यातल्या दोन खेपा तर हातोहात गेल्या."

अंगणातल्या सगळ्या माना महाराजांकडे वळल्या. महाराजांनी आत्म्याबद्दल एक वाक्य सुरू केलं आणि पूर्ण केलं नाही. त्यांची गाडी आधी निघाली. मागे राहिलेला शिष्य कालची थाळी उचलायला वाकला, तेव्हा पार्लरवाली त्याला म्हणाली, "हातमोजे घाल रे. साधना कातड्यात जाते." चालकाने रिकामा ट्रक वळवला आणि जाताना आत्याचा निरोपही घेतला.

चष्मेवाले काका उपड्या कुंडीवर बसले होते. "माझ्याकडे आता पिवळी राहिलीय," ते म्हणाले. "निर्मळ. परत येईल का गं, काळी?"

मी काचेच्या दोन बरण्यांत पाणी भरलं. एकीत पट्ट्यातलं ढेकूळ सोडलं. दुसरीत आत्याच्या वाफ्यावरच्या थराचा तुकडा. तो टाकल्या टाकल्या विरघळला, पाणी गढूळ झालं, तळाशी चिखल. पट्ट्यातलं ढेकूळ तसंच बसून राहिलं, दोनचार बुडबुडे सोडून. आत्या खुर्ची ओढून समोर बसली.

"हे का विरघळत नाही?"

"झाड हवेतून कार्बन घेतं. पानांतून, मुळांतून तो मातीत उतरतो. सूक्ष्मजीव तो खातात, वाढतात, मरतात. त्यांचे चिकट अवशेष चिकणमातीच्या कणांना घट्ट धरून बसतात आणि कणांना एकमेकांशी बांधतात. तेच हे ढेकूळ. त्याच्या पोटात हवा कमी, खाणाऱ्यांना आत शिरायला वाट नाही. म्हणून आतला कार्बन वर्षानुवर्षं, कधी शतकभरही टिकतो, पाणी धरतो, मुळांना पोसतो. आपण ढेकूळ फोडलं की दार उघडलं. सूक्ष्मजीव ताव मारतात आणि कार्बन वायू होऊन उडून जातो. तुझी चाळण तेच करते आहे, रोज."

"म्हणजे तो महाराज एका थाळीत करत होता, ते मी तीन वर्षं केलं," आत्या म्हणाली.

मी नाही म्हणू शकले असते. म्हटलं नाही.

काकांना मी खरं तेच सांगितलं. पालापाचोळा पसरा, गवत येऊ द्या, कुदळ लावू नका, काळी परत येईल. पण बोटभर थर धरायला कित्येक दशकं जातील. ती तुमच्या नातवंडांना दिसेल. त्यांनी चष्मा पुसला. या वेळी घातला नाही.

कुणी तुमच्या मातीत, घरात, अंगात पाप दाखवू लागला, तर दोन प्रश्न विचारा. हेच दुसऱ्या कशावर केलं तर काय होतं? आणि काढलेलं पाप कुठे जातं? पहिल्याला एक बटाटा पुरतो. दुसऱ्याला ट्रकचा चालक. त्यासाठी पदवी लागत नाही. माझ्याकडे ती होती आणि मी टाकीला टेकून गप्प उभी होते.

आत्या आत गेली. तेलाची बरणी सरकवल्याचा आवाज आला. ती कागद घेऊन बाहेर आली, मधोमध तेलाचं गोल कडं उमटलेला.

"वाच," ती म्हणाली. "मोठ्याने वाच. हे सगळे आहेत तोवर."