झुरमाळची नक्कल

ताईंच्या चष्म्याच्या दुकानात एक गिऱ्हाईक आरशासमोर फ्रेम लावून बघत होतं. बघता बघता म्हणालं, "ताई, तुमची काय फर्मास नक्कल करतात हो ती पोरं!"

ताईंचा काच पुसणारा हात थांबला. "कुठली पोरं?"

'बेसूर मंडळी' नावाचा तिघांचा बँड होता. जुनी गाणी ते त्याच चालीत, त्याच ढंगात, पण भलत्याच शब्दांत म्हणायचे. ताईंचं एकच गाणं कधीकाळी गाजलं होतं, सोडून गेलेल्या प्रियकराचं. त्याचं यांनी प्लंबरचं गाणं केलं होतं: 'पाच मिनिटांत येतो म्हणालास, पाना इथेच ठेवून गेलास.'

"आणि ते 'झुरमाळ' येतं ना," गिऱ्हाईक म्हणालं, "तिथं ती गाणारी मुलगी पुढचं विसरल्यासारखी घाबरून पेटीवाल्याकडं बघते. हसून हसून मेलो!"

ताईंनी हातातली काच खाली ठेवली.

झुरमाळ असा शब्दच नव्हता. भर कार्यक्रमात, रेकॉर्डिंग चालू असताना, तिसऱ्या कडव्यातला शब्द त्यांना आठवला नाही आणि तोंडाला आलं ते त्या गायल्या. रेकॉर्ड निघायच्या आतच गीतकार वारले. लोकांना वाटलं, असेल एखादा जुना शब्द. एका समीक्षकानं तर त्याच्या 'अर्थगर्भते'वर अर्धं पान खर्ची घातलं. खरं काय ते दोघांनाच ठाऊक होतं: ताईंना, आणि त्या दिवशी पेटीवर साथ करणाऱ्या मास्तरांना. मास्तर म्हणजे ताईंचे यजमान.

गिऱ्हाईक गेलं आणि तेव्हापासून ताईंनी नवऱ्यावर नजर ठेवली. सकाळी दाढी करताना मास्तर गुणगुणत होते. ताई दाराआड उभ्या राहिल्या. '...पाना इथेच ठेवून गेलास.'

"काय म्हणताय हो?"

"कुठं काय!" मास्तरांनी गालाला आणखी फेस फासला.

शनिवारी ते शिकवणीला म्हणून गेले आणि परतले ते गालातल्या गालात हसत. ताईंनी विद्यार्थ्याच्या आईला फोन लावला.

"शिकवणी? मास्तरांनी तर महिनाभर शनिवारची सुट्टी दिलीय."

आता शंकेला जागाच उरली नाही. ताईंनी चहाचा कप जरा जोरात आपटला. एवढी वर्षं झाकून ठेवलेली गोष्ट यांनी चारचौघांत उघडी केली? आणि कशासाठी, तर पोरांच्या टाळ्यांसाठी?

पुढच्या शनिवारी ताई पार्लरला जाते म्हणून निघाल्या आणि दुकानातला काळा चष्मा लावून त्या कार्यक्रमाला जाऊन बसल्या. पडदा वर गेला. ती मुलगी त्यांच्यासारखीच डावा खांदा उचलून उभी होती. श्वास तोच, हरकत तीच, दर ओळीच्या शेवटी हळूच मिटणारे डोळे तेच. ताईंना राग धरून ठेवणं जड जाऊ लागलं. मग झुरमाळ आलं, ती मुलगी पेटीवाल्याकडं वळली आणि सगळं सभागृह खदखदलं.

कार्यक्रम संपल्यावर ताई थेट आत गेल्या आणि चष्मा काढला. मुलीचा हात विगवरच राहिला.

"ताई! तुम्ही?"

"झुरमाळचं कुणी सांगितलं तुला?"

"सांगितलं? कुणीच नाही."

"खोटं बोलू नकोस. मास्तर येतात ना इथं?"

"कोण मास्तर?" मुलगी गोंधळली. "खरंच सांगते ताई. तुमचं गाणं लहानपणापासून पाठ आहे माझं. पण त्या शब्दाचा अर्थ कुणालाच सांगता येईना. मग कान देऊन ऐकत बसले. तुम्ही तिथं अडखळता आणि पेटीवाला पुढं जातच नाही. सूर धरून ठेवतो, तुम्ही सावरेपर्यंत. म्हटलं, ह्या विसरल्यात आणि तो वाट बघतोय. त्या जागेसाठीच तर हे गाणं घेतलं."

ताई जवळच्या खोक्यावर टेकल्या. ती वेळ आपण एकटीनं निभावून नेली, असंच त्या आजवर धरून चालल्या होत्या.

घरी मास्तर भाजी निवडत बसले होते. ताईंनी पर्स खुंटीला अडकवली.

"त्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी थांबला होतात?"

मास्तरांना कुठला दिवस हे विचारावं लागलं नाही. "मग काय, तुला टाकून पुढं जाऊ?"

"कधी बोलला नाहीत ते."

"तू ऐकलं असशील असं वाटलं."

ताई शेजारी येऊन बसल्या. मनातला सगळा संशय त्यांनी सांगून टाकला, फोनसकट. मास्तरांच्या हातातली जुडी तशीच राहिली. "मी फोडलं असेल असं वाटलं तुला?" ते हळूच म्हणाले. त्यांना लागलं होतं, ते दिसत होतं.

"चुकलंच माझं. पण तुम्ही तरी चोरून कशाला गेलात?"

"तुला वाईट वाटेल म्हणून. आणि गंमत फार होती गं त्यात."

"दोनदा गेलात?"

मास्तर भाजीत बघत म्हणाले, "चारदा."

ताईंना हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या मुलीला निरोप धाडला: डावा खांदा जरा जास्तच उचलतेस, दुकानात येऊन जा, दाखवते.