राणोजीची डबी

राणोजीवर त्याच्या बायकोचा काडीचाही विश्वास नव्हता, आणि ती ते लपवतही नसे. क्षयाची औषधं सुरू झाली त्या पहिल्याच आठवड्यात एक लाल कॅप्सूल तिला तांदळाच्या डब्यामागे सापडली होती. तेव्हापासून रोज सकाळी तुळजा पाण्याचा तांब्या घेऊन नवऱ्यापुढे उभी राहायची.

"आ करा. जीभ वर. अजून वर."

राणोजी आ करायचा, पण नजर अशी, की हातात असता तर तोच तांब्या त्याने तिच्या डोक्यात घातला असता. सहा महिने असेच गेले. मद्रासजवळच्या गुम्मिडिपूंडीच्या कारखान्याने त्याला घरी बसवलं होतं. थुंकी साफ असल्याचा कागद आणलास तरच परत ये, असं बजावून. घरी बसलेला नवरा आणि धुरकट चूल, दोन्ही तुळजाच्या डोळ्यांत सलत होती. चुलीने तर तिला महिनाभर खोकला लावला होता, पण बाईच्या खोकल्याला विचारतो कोण?

शेवटच्या तपासणीची डबी घेऊन मद्रासहून गुरुराज आला. क्षय विभागाचा हा माणूस त्यांच्यासारखाच तंजावरचा मराठी, म्हणून तुळजाला जास्तच डाचायचा. आपल्यातल्याला कळलं की बातमी थेट लग्नाच्या पंगतीत पोचते.

"उद्या उठल्या उठल्या भरा, तोंड धुवायच्या आधी," तो ओट्यावरून गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला. "खोकून काढा. नुसती लाळ नको!"

सकाळी राणोजीने खाकरून डबी भरली आणि तो मागे आंघोळीला गेला. तुळजा डबीकडे बघत राहिली. हा माणूस कधी धड खरं बोललाय? गालात धरून गोळ्या थुंकल्या असतील मेल्याने. डबीत दोष निघाला की कारखाना कायमचा सुटला. तिने डबी चुलीच्या राखेत उलटी केली, विसळली आणि खोकत खोकत स्वतः भरली. आपण धडधाकट, आपली थुंकी साफच असणार. झाकण लावताना तिला स्वतःचं भारी कौतुक वाटलं.

आठव्या दिवशी गुरुराज आला तो तणतणतच.

"जंतू आहेत! सरकारचं औषध खाल्लं की गटारात टाकलं? 'उपचार निष्फळ' लिहितो आता. कारखान्यालाही तेच कळवतो."

"सगळ्या गोळ्या खाल्ल्या, सार! देवाशपथ! हिला विचारा, रोज तोंड उघडून बघते."

"पोय! सगळं खोटं!" गुरुराजने वही उघडली.

राणोजी मटकन खाली बसला आणि रडायला लागला. तुळजाने त्याला शिव्या घालताना पाहिलं होतं, रडताना कधीच नाही. हा खरं बोलतोय, हे तिला त्या क्षणी कळलं. घशाशी आलेला खोकला तिने दाबून पाहिला; तो दबेना.

"लिहू नका, सार. त्यांची डबी मी ओतून टाकली. तपासलीत ती थुंकी माझी."

गुरुराजने तिला अख्ख्या गल्लीसमोर शब्दांनी झोडपून काढलं.

त्याची नवी डबी साफ निघाली. कामावर परत जायच्या दिवशी, कारखान्याचा खाकी शर्ट घालून, तो पाण्याचा तांब्या घेऊन तिच्यापुढे येऊन उभा राहिला. तुळजाने मुकाट्याने स्वतःच्या क्षयाच्या गोळ्या गिळल्या.

"आ कर," तो म्हणाला. "जीभ वर."

तिने तोंड उघडलं. आत काहीच नव्हतं, हे त्याला स्पष्ट दिसत होतं.

"अजून वर."