उजवं फूल

सप्ताहाचा शेवटचा दिवस, काल्याचं कीर्तन. आबासाहेब गुरव माझ्या शेजारी बसले होते. महाराज म्हणाले, ‘‘देवाला ठाऊक असतंच. सांगायचं राहतं ते माणसाला.’’ मला कीर्तनात रडू येतंच, गाव त्यावरून हसतं. पण त्या दिवशी आबा मधेच उठले. काला न घेता कुणी उठत नाही, म्हणून मीही मागोमाग निघालो.

आबा भोरकडच्या डोंगरातले. त्या डोंगराच्या पलीकडं पडलेला पाऊस कोकणात जातो, अलीकडचा नीरेतून आमच्याकडं येतो. धरणात गाव गेलं आणि त्यांना इथं, वडगाव निंबाळकरला जमीन मिळाली. त्यांच्या जुन्या गावाला लागून देवराई होती. हिरडा, अंजन, जांभळं, आणि भर उन्हाळ्यात वाहणारा झरा. तिथली वाळकी काटकीसुद्धा कुणी उचलत नसे.

गाव सोडताना देवीला कौल लावला. राईतली शिळा हीच देवी; ती ओली करून दोन्ही अंगांना फुलं चिकटवायची. उजवं आधी पडलं की होकार. ‘आई, संगं येतीस का?’ विचारायला आबा एकटेच राईत गेले. बाहेर येऊन म्हणाले, ‘‘डावं पडलं. आई येत न्हाय.’’ पुढं धरणाचं पाणी चढलं, राई बुडाली.

तेव्हापासून कालव्याला पाणी सुटलं की त्यांच्या पत्नी सारजाबाई हळदकुंकू घेऊन काठावर जातात. देवीच्या अंगावरनं आलेलं पाणी म्हणून.

आबांच्या मागोमाग मी त्यांच्या घरी पोचलो तेव्हा सारजाबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या. ‘‘काला न्हाय आणला?’’

‘‘सारजे, उजवं पडलं हुतं.’’

‘‘काय उजवं?’’

‘‘फूल. आई येते म्हणली. पर शिळा काढायची तर पहार घालाय लागली असती. जितं काटकी उचलली न्हाय तितं पहार. माझा हात धजला न्हाय. खोटं बोललो.’’

सारजाबाईंचा हात थांबला. ‘‘म्हंजे ती येणार हुती.’’

‘‘व्हय.’’

‘‘आन आपण तिला पाण्यात सोडून आलो.’’

‘‘मी आलो. तू न्हाय.’’

मी कीर्तनातलं काहीतरी सांगायला गेलो. ‘‘भावजी, आज ऱ्हाऊ द्या,’’ त्या म्हणाल्या.

चौथ्या दिवशी पाणी सुटलं. आबांनी स्वतः हळदकुंकवाचं ताट काढून त्यांच्यापुढं ठेवलं. सारजाबाईंनी ते परत फळीवर ठेवलं आणि धुण्याची बादली घेऊन बोअरवर गेल्या.

आबा एकटेच कालव्यावर गेले. मी पोचलो तेव्हा काठावर बसले होते, पाण्यापासून हातभर लांब.