बादलीतली हाक

“मामा, बंद करा आता तो डबा. म्हशीचे कान किटले असतील,” मोनिका गोठ्याच्या दारातून म्हणाली. “व्यापाऱ्याचा फोन येईल. काय सांगू त्याला? उद्या घोडेगावचा जनावरांचा बाजार हाय.”

तिचा सासरा भागवत डब्यावर वाकूनच राहिला. गावातल्या पाण्याच्या मोटारींचे स्टार्टर दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली होती. बायकोचा आवाज दुरुस्तीला येईल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

त्याची बायको बनुबाई वारली तेव्हापासून म्हैस पान्हवत नव्हती. पेंड घाला, कास धुवा, पारडू लावा, बाई दूध चोरूनच उभी. धार काढताना बनुबाई घुमल्यासारखा एक लांब ‘हूंऽऽ’ काढायची, तोच म्हशीला हवा होता. घरात लग्नकार्यांचे ढीगभर फोटो होते, पण हा आवाज कुणी मोबाईलमध्ये धरून ठेवला नव्हता. म्हशीसाठीचं घुमणं कोण कशाला धरून ठेवतो? आता म्हैस बाजारात गेली, की बनुबाईला ओळखणारं गोठ्यात काहीच उरणार नव्हतं. भागवतला ते सोसवत नव्हतं.

म्हणून हे खूळ. प्रोग्रॅम टाकायचा बोटभर बोर्ड, फिरवायच्या तीन कळा आणि जुन्या रेडिओचा स्पीकर, असं सगळं त्यानं यूट्यूब बघून एका डब्यात जमवलं होतं. एका कळीनं सूर चढायचा-उतरायचा, दुसरीनं थरथरायचा, तिसरीनं घोगरा व्हायचा. पण डब्यातून निघायचा तो कधी कारखान्याचा भोंगा, तर कधी डास.

“असं न्हवतं ते,” मोनिकालाच शेवटी राहवेना. “आत्या बादलीवर वाकून घुमायच्या.”

भागवतचा हात थबकला. खरंच की! बनुबाई बसायची त्या डाव्या अंगाला त्यानं रिकामी बादली ठेवली, आत स्पीकर सोडला आणि कळ हळूच फिरवली.

हूंऽऽ.

म्हशीनं कान टवकारले. मग मागचा पाय जरा मागे घेतला, बनुबाईला बसायला जागा करून द्यायची तसा. दावं ताणून तिनं मान वळवली, बादलीमागची हवा हुंगली आणि बसलेल्या बाईच्या खांद्याएवढ्या उंचीवर चाटू लागली. तिथं कुणीही नव्हतं. सडांतून दुधाचे थेंब गळू लागले.

भागवतनं घाईघाईनं बॅटरीची वायर उपसली.

बादली घुमतच राहिली.

मग बादलीला हात न लावता त्यानं दुसरं भांडं घेतलं आणि उजव्या अंगाला जाऊन बसला. या बाजूनं म्हैस कधी कुणाला जवळ येऊ द्यायची नाही. आज तिनं पाय उचलला नाही.

“तिकडून का बसला, मामा?” मोनिकानं हळूच विचारलं.

“आता इकडूनच बसायचं. तिकडं जागा न्हाई, पोरी.”

धार भांड्यात वाजू लागली. मोनिकाचा फोन थरथरला, तो तिनं न बघताच बंद केला. सासू असताना घ्यायची तशी ओढणी डोक्यावरून घेतली, आणि दारातली वाट मोकळी सोडून ती भिंतीला लागून उभी राहिली.