म्हातारीवर विष चालत नाही

नीलाबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. पोथी वाचायच्या, दुकानातल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचायच्या, आणि त्या बुधवारी दुपारी त्यांनी सुनेची वही वाचली.

सून रोहिणी अंबाजोगाईची, बी.एस्सी. झालेली. लग्नाला पाच महिने होत नाहीत तोच नीलाबाईंच्या लेकाला, विश्वेश्वरला, कंपनीनं वर्षभराच्या ट्रेनिंगला जपानला धाडलं. ज्या वर्षी नांदूरघाटात दुकानोदुकानी फोन आले, त्याच वर्षीची ही गोष्ट. रोहिणी सासू-सासऱ्यांजवळ राहिली. पुढं शंकरप्पांचं किराणा दुकान, मागं घर. पोरगी कामाला चलाख, बोलायला गोड. पण दीड महिन्यापूर्वी विश्वेश्वरच्या मित्राच्या हातून एक पार्सल आलं, आणि तेव्हापासून दुपारची भांडी झाली की ती खोलीचं दार लोटून बसायची. आतून टिंग-टिंग असा बारीक आवाज यायचा.

"काय करतीस गं आत?"

"काही नाही आत्याबाई, खेळ आहे."

बावीस वर्षांची बाई आणि कसला खेळ? नीलाबाईंना ते पटलं नव्हतं.

बुधवारी रोहिणी गिरणीवर गेली आणि वही पलंगावर उघडी राहिली. पानभर किड्यामुंग्यांसारख्या खुणा, आणि प्रत्येक खुणेपुढं मराठीत एकेक शब्द. आग. झोप. विष. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं: 'म्हातारीवर विष चालत नाही. दोनदा देऊन बघितलं. आधी झोपवायचं, मग आग.' आणि त्याच्याही खाली: 'पोरगा सोबत असला की म्हातारीला काही करता येत नाही. तो लांब असतानाच जायचं.'

नीलाबाईंनी ते पुन्हा बोट ठेवून वाचलं. दोनदा! त्यांना आठवलं, मागच्या महिन्यात दोनदा पोट बिघडलं होतं.

नवऱ्याला सांगावं, तर शंकरप्पा हसण्यावारी नेणार. शिवाय सुनेला ते डोक्यावर घेतात. आधी पुरावा पाहिजे. म्हणून नीलाबाईंनी उपास धरले. गुरुवारी गुरुवारचा, शुक्रवारी शुक्रवारचा, शनिवारीही काहीतरी निघालं. दुकानातले शेंगदाणे आणि गूळ यावर त्या राहिल्या, तेही स्वतःच्या हातानं पोत्यातून काढून.

"एवढं कावून?" शंकरप्पांनी विचारलं.

"लेकासाठी," त्या म्हणाल्या, आणि ते खोटंही नव्हतं.

रविवारी त्यांनी आपल्या ताटातला वरण-भात गुपचूप मांजरीला घातला आणि समोर बसून राहिल्या. मांजरीनं ताट चाटून पुसून साफ केलं, जांभई दिली आणि कोनाड्यात जाऊन झोपली. आधी झोप! मांजर एरवीही दिवसभर झोपायचीच, पण भीतीला एवढी समज कुठली? त्यांनी तशाच उठून रॉकेलचा डबा उचलला आणि दुकानात साबणाच्या खोक्यांमागं दडवला.

मंगळवारी स्टोव्ह विझला. शंकरप्पा जेवायला आत आले होते.

"आत्याबाई, रॉकेल कुठं ठेवलंत?"

"कशाला पाहिजे तुला रॉकेल?" नीलाबाईंचा आवाज चिरकला. "मला झोप लागायची वाट बघतीस व्हय? म्या मुकाट जळायची न्हाई, सांगून ठिवते!" त्यांनी सकाळीच उचलून पदराखाली लपवलेली वही काढली आणि शंकरप्पांच्या ताटापुढं आपटली. "वाचा तुमच्या लाडक्या सुनंचं हस्ताक्षर!"

शंकरप्पांनी वाचलं. घास हातातच राहिला. "पोरी," ते म्हणाले, "हे काय हाय?"

रोहिणीनं पान पाहिलं, सासूकडं पाहिलं, आणि तिला हसू फुटलं. हसता हसता ती खोलीत गेली आणि हाताच्या पंज्याएवढं एक यंत्र घेऊन आली. करड्या काचेवर एक पोरगं टुणटुण चालत होतं. तिकडच्या टीव्हीवर लागणाऱ्या कार्टूनचा खेळ होता तो. सगळा जपानीत. 'वाचता येणार नाही, पण तू कोडी सोडवतेस, बघ जमतं का,' असं विश्वेश्वरनं सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं. कुठली खूण दाबली की काय होतं, ते रोहिणी करून बघायची आणि वहीत टिपायची.

"ही बघा म्हातारी." एका गुहेत नखाएवढी चेटकीण काठी घेऊन उभी होती. "आणि हा तिचा मुलगा, आपल्या बाजूनं लढणारा. तो सोबत असला की ही लढतच नाही, नुसती बोलत बसते."

"आई हाय ती," नीलाबाई पुटपुटल्या. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शंकरप्पा हसून हसून खोकू लागले. पण रोहिणीचं हसू थांबलं होतं, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं.

"आता तुला काय झालं?" शंकरप्पांनी विचारलं.

"हे आकडे बघा." तिनं खेळातलं एक पान उघडून काचेवर बोट ठेवलं. "एवढेच मला वाचता येतात. यंत्र माझ्या हातात आलं तेव्हाच आत एकसष्ट तास खेळून झालेले होते. पत्र लिहायला वेळ नाही म्हणतात, चार महिन्यांत दोन चिठ्ठ्या आल्या. फोनवर दुकानात सगळ्यांसमोर काय विचारू? मग एकसष्ट तास कुठून आले? आणि ते खेळले नसतील, तर कोण खेळलं? इथं दोन नावं आहेत, शेजारच्या चित्रांवरून एक पोराचं, एक पोरीचं. मला ती वाचायची होती, म्हणून ही वही."

नीलाबाई तिच्याजवळ सरकल्या. आठवडाभर आपण जे सोसलं ते ही पोरगी दीड महिना सोसतेय, आणि भाकऱ्याही थापतेय. त्यांनी पदरानं तिचं तोंड पुसलं.

"विष देणारीला कोन विचारतं, विष दिलंस का म्हनून? पर नवऱ्याला विचारता येतं. येत्या रविवारी त्याचा फोन हाय."

रविवारी दहाला दुकानातला फोन वाजला. शंकरप्पांच्या हातातून नीलाबाईंनी रिसीव्हर हिसकावला. "विश्वा, त्या खेळात कुनाची नावं हायेत? खरं सांग."

विश्वेश्वर अडखळत म्हणाला, "आई, ते जुन्या सामानाच्या दुकानातून घेतलंय. कुणातरी पोरानं विकलेलं. बायकोला पहिली भेट आणि तीही वापरलेली, हे सांगायची लाज वाटली."

"आन् तू पत्र कावून लिहीत न्हाईस?"

"काय लिहू? कारखाना आणि खोली, रोज तेच तेच."

रोहिणीनं फोन घेतला. कान लाल झाले होते, पण आवाज सरळ होता. "मग तेच तेच लिहा. मला चालतं."

त्या दुपारी तिनं ती दोन्ही नावं पुसली आणि खेळ पहिल्यापासून सुरू केला. नीलाबाई शेजारी बसल्या. माफी त्यांनी मागितली नाही, त्यांना ती येतच नव्हती. पण जेवताना रोहिणीनं वाढलेल्या वरणावर त्यांनी पुन्हा वरण मागून घेतलं.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. चांगलं चार पानी. रोहिणीनं पहिलं पान दोघांना मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि बाकीची घडी घालून हातात ठेवली.

नीलाबाईंना राहवेना. "उरलेल्या तीन पानांत काय हाय गं?"

"ते माझं हाय, आत्याबाई," रोहिणी त्यांच्याच बोलीत म्हणाली.

"बरं," म्हणून नीलाबाई उठल्या आणि पीठ मळायला गेल्या.