चिकटपट्टीखालचं बटण

मित्रांनो, माझ्या दाराला ओढायची जाड मूठ आहे आणि ते बंद होताना खट्ट असा आवाज येतो. एवढ्यावरून माझं वय ओळखा. मी एक जुना फ्रिज आहे. माझा रंग एकेकाळी सायीसारखा होता. आता चहाचा कप आतून दिसतो तसा झाला आहे.

कारखान्यात माझं पत्र्याचं अंग घडलं. पाठीवर काळ्या नळ्यांची जाळी बसली, पायाशी कॉम्प्रेसर बसला. पहिल्यांदा वीज आली तेव्हा मी सगळा थरथरलो. तपासणारा माणूस माझ्यावर हात ठेवून म्हणाला, "हा चालेल बरेच दिवस." ती माझी पहिली शाबासकी.

मी टेलरकाकांच्या घरी आलो तेव्हा त्यांचं दुकान नवं होतं आणि संसारही नवा होता. पुढे शिलाई मशीन, मागे दोन खोल्या. मला आत घ्यायला दरवाजाची फळी काढावी लागली. टेलरकाकू कमरेवर हात ठेवून बघत होत्या. म्हणाल्या, "मी या घरात आले तेव्हा एवढी तोडफोड केली नव्हती."

गल्लीत तेव्हा फ्रिज मी एकटाच. कुणाला ताप आला की बर्फ मागायला माणूस यायचा. काकांची मुलगी उन्हात खेळून आली की माझं दार उघडून समोर उभी राहायची. काकू आतून ओरडायच्या, "दार लाव गं. तो काय सगळी गल्ली थंड करायला बसलाय?"

माझं सगळं काकूच बघायच्या. बर्फ साचला की मला बंद करून तो आपोआप वितळू द्यायच्या. दाराचं रबर कोमट पाण्यानं पुसायच्या, पाठीची धूळ झाडायच्या. आणि ऋतू बदलला की आतलं गोल बटण फिरवायच्या. थंडीत एकवर, उन्हाळ्यात चारवर. काकांनी त्या बटणाला कधी हात लावला नाही. ते खातं त्यांचं नव्हतंच.

मागच्या थंडीत काकू आजारी पडल्या. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी त्यांनी माझं दार उघडलं, बटण एकवर आणलं आणि दार लावलं. त्या परत आल्या नाहीत.

भेटायला येणाऱ्यांना बसायला जागा हवी म्हणून मला भिंतीला चिकटवलं. गर्दी ओसरल्यावर काकांनी त्या बटणावर दोन चिकटपट्ट्या लावल्या, फुलीसारख्या.  

मग ऊन तापलं. बर्फाच्या कप्प्यावर जाड थर चढला आणि खाली मात्र सगळं कोमट राहू लागलं. दूध नासलं. काकांचं खाण्याकडे लक्ष नव्हतं. ते खराब झालेलं जेवले आणि दोन दिवस पोट धरून पडले. मुलगी सासरहून धावत आली. तिनं माझ्यातलं एकेक भांडं काढून हुंगलं.

"बाबा, हा फ्रिज नाही, कपाट झालंय."

"कपाट तर कपाट. असू दे."

"असू दे कसं? रविवारपर्यंत गार झाला तर राहील. नाहीतर मी नवा आणते आणि हा भंगारात जाईल. तुम्हाला पुन्हा असं पडलेलं मला नाही बघायचं."

 दुसऱ्या दिवशी काका स्वतः जाऊन दुरुस्तीवालीला घेऊन आले. ती वडिलांचं दुरुस्तीचं दुकान चालवते. तोंडानं फटकळ, हातानं हळुवार.

तिनं मला भिंतीपासून ओढलं आणि पाठीला हात लावला. "जाळी गरम लागतेय. म्हणजे गॅस आहे. काका, याला भिंतीला चेपून ठेवलंत आणि वर धुळीची गोधडी घातलीत. हा श्वास कुठून घेणार?"

तिनं ब्रशनं धूळ काढली. मला बंद करून बर्फ वितळायला ठेवला. काका मदत म्हणून सुरी घेऊन आले, तशी तिनं ती काढून घेतली. "काका, त्या बर्फाखाली नळी आहे. कापडाला कात्री लावताना घाई करता का कधी?"

मग रबर तपासायचं होतं. काकांनी दुकानातून चिंधी आणली आणि दारात धरून दार लावलं. चिंधी ओढली तर खालच्या कोपऱ्यात अलगद निघून आली. "असं रबर आता मिळत नाही," ती म्हणाली आणि गरम पाण्याच्या फडक्यानं कोपरा शेकत बसली. रबर फुगलं. चिंधी अडकली. काका पहिल्यांदाच जरासे हसले.

मग तिनं आत डोकावलं. "आणि हे काय? फ्रिजला जखम झाली का?"

"ते राहू दे," काका म्हणाले.

तिनं राहू दिलं. पण शनिवारी दूध पुन्हा नासलं. ती आली, माझ्या आत बराच वेळ हात धरून बसली. मी जरा चालत होतो आणि लगेच थांबत होतो. एकवर मला तेवढंच सांगितलेलं होतं.

"काका, यात दुसरं काही बिघडलेलं नाही. बटण वाढवावं लागेल."

"ते तिनं लावलंय." काकांचा आवाज एकदम बारीक झाला. "शेवटचं. जाताना."

 दुरुस्तीवाली ब्रश पुसत राहिली. मग हळूच म्हणाली, "तेव्हा थंडी होती ना? उन्हाळा लागला की काकू काय करायच्या?"

काकांनी चिकटपट्ट्यांच्या फुलीकडे पाहिलं. पुढे दुकानात पंखा फिरत होता. "म्हणायची, याला आता जोर लागेल," ते म्हणाले. "आणि फिरवायची."

"मग मी फिरवू?"

"नको. मी."

त्यांनी नखानं पट्टीची कड सोडवली. टाके उसवतात तशी, कापड न दुखावता. एक पट्टी निघाली, मग दुसरी. बटणावरचे आकडे काकूंच्या बोटांनी पुसट झाले होते. काकांनी त्याच जागी बोट ठेवलं आणि चारवर नेलं. मी सुरू झालो आणि थांबलो नाही.

रविवारी मुलीनं दूध हुंगलं, पाणी पिऊन बघितलं आणि म्हणाली, "दात शिवशिवले." मग माझं दार तिनं हळू लावलं.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर त्याच्या पाठीला थोडी मोकळी जागा ठेवा. धूळ झाडा. बर्फ सुरीनं खरवडू नका. आणि ज्यांनी त्याला आयुष्यभर सांभाळलं, त्यांचा हात आठवून, ऋतू बदलला की बटण फिरवा. आता थंडी येते आहे. काल काकांनी मला दोनवर आणलं.